तुम्ही विचारलंत म्हणून: माझं तोंड का पडतं

“परदेशात लपलेल्या अतिरेक्याला घरात घुसून मारलं की सर, तुमचं तोंड का पडतं?” लग्नात, स्टँडवर, व्हॉट्सॲपवर, सगळीकडं हाच प्रश्न, आणि विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

अतिरेक्यांचा पुळका मला नाही. 26/11 नंतर वर्गात “कराचीत जाऊन ठोका” म्हणणारा मीच होतो. तो राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण तेव्हाच्या त्या माझ्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी गेवराईचा. जून 2012 मध्ये सौदीनं अबू जुंदालला भारताच्या हवाली केलं आणि कळलं की हा आपल्याच गावचा जबीउद्दीन अन्सारी. हल्लेखोरांना कराचीतून फोनवर सूचना देणाऱ्यांतला एक, असा आरोप. चॅनेलच्या गाड्या आल्या. बाहेर कुणी गाव विचारलं की आम्ही नुसतं “बीड जिल्हा” म्हणायला लागलो. त्याच दिवसांत मी टेलरकडं पँट टाकायला गेलो. तिथं बसलेला एकजण म्हणाला, “तिकडंच उडवायचा होता, इथं आणून पोसायचा कशाला?” मी मान डोलावली. टेलर चाचांनी मशीन थांबवली. “मास्टर, जिंदा लाए सो अच्छा हुआ. अब उसका गुनाह उसकेच नाम पे लिखा जाएगा. उधरच मार डालते तो मोहल्ले के नाम पे रहता.”

मी म्हणालो, “कोर्टात वर्षं जातील, चाचा.”

“जाने दो.”

मला राग आला. 166 माणसं मेली आणि ह्यांना मोहल्ल्याची पडलीय! घरी येऊन बायकोलाही तेच ऐकवलं. ती म्हणाली, “मग त्यांनी कुणाची पाडून घ्यायची?”

2016 मध्ये जुंदालवरच्या दुसऱ्या एका, 2006 च्या औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्याचा निकाल लागला. जुंदालला जन्मठेप; त्याच खटल्यातले काहीजण निर्दोष सुटले. ही वजाबाकी गोळीला येत नाही.

नॉर्वेतल्या लिलेहॅमरला 1973 मध्ये मोसादच्या, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेच्या लोकांनी अली हसन सलामे हा पॅलेस्टिनी अतिरेकी समजून एका मोरोक्कन वेटरला गरोदर बायकोदेखत मारलं. मारेकऱ्यांचे साथीदार पकडले गेले, म्हणून निदान चूक उघडी पडली. इस्रायलनं 1996 मध्ये भरपाई दिली, जबाबदारी घेतली नाहीच. खलिस्तानवादी निज्जर 2023 मध्ये कॅनडात मारला गेला; कॅनडा आपल्याकडं बोट दाखवतं, आपलं सरकार नाकारतं. आणि 2024 च्या निवडणुकीत संरक्षणमंत्री राजनाथसिंह सांगतात, पाकिस्तानात घुसून मारू. केलंच नसेल तर टाळ्या कशाच्या? केलं असेल तर मेलेला तोच होता, हे कुणी तपासलं?

तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. 26/11 चा सूत्रधार म्हणून भारत ज्याला मागतो तो लष्कर-ए-तैयबाचा हाफिज सईद सौदीत नाही, पाकिस्तानात आहे. ते देणार नाहीत. तिथल्या कोर्टानं त्याला शिक्षा दिली ती दहशतवादाला पैसा पुरवल्याची, मुंबईची नाही. इथं माझी गाडी अडते. जुंदालवरचा 26/11 चा खटलाही वर्षानुवर्षं रखडला, तेही माझ्या तोंडावर फेका. उद्या सईदला कुणी मारलं तर मी रडणार नाही. पण ज्यानं मारलं त्यानं “आम्ही मारलं, आणि ह्या पुराव्यावर” एवढं तरी उघड म्हणावं. हेही मागणं तुम्हाला देशद्रोह वाटत असेल, तर वाटू द्या.