तुम्ही विचारलंत म्हणून : सगळेच चुकतात, मग गणित कसलं?

मी गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याचं गणित, शिकवतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शहरातले ओळखीचे म्हणतात, "तुमच्या पुस्तकातला माणूस पुढचं सगळं ओळखून चाल खेळतो. खऱ्या माणसाच्या डोक्यात निम्म्या समजुती चुकीच्या असतात. मग हे गणित लागू कुणाला होतं?" निफाडकडचे नातेवाईक एवढं लांबण लावत नाहीत. ते म्हणतात, "भाव पडणार हे दिसतंय, तरी जो तो कांदाच का लावतोय, तेवढं सांग." दोघंही एकच विचारताहेत. नातेवाइकांचा प्रश्न जास्त नेमका आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, दिवाळीच्या आगेमागे टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि माल मार्च-एप्रिलपासून निघतो. म्हणजे बियाणं घेताना निर्णय करायचा तो पाच-सहा महिन्यांनंतरच्या भावावर, आणि हाताशी असतो आजचा लासलगावचा लिलाव. आज लाल कांदा तेजीत असेल तर एकरभर वाढवू, मंदीत असेल तर तिथे गहू किंवा मका. यात मूर्खपणा कुठेच नाही. एका घरच्या दोन एकरांनी लासलगावचा भाव पैशानेही हलत नाही, त्यामुळे "मी लावला काय, न लावला काय" हा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो. गोची अशी, की हाच बरोबर हिशेब त्याच आठवड्यात शेजारच्या गावात, शेजारच्या तालुक्यात, पार सोलापूर-नगरपर्यंत चाललेला असतो. मार्चमध्ये सगळ्यांची आवक एकदम येऊन आदळते आणि जो भाव पाहून लागवड केली तो भाव लागवडीनेच खाल्लेला असतो.

हे दुखणं फक्त आपलं नाही. १९२०च्या दशकात आर्थर हानाऊ यांनी जर्मनीतल्या डुकरांच्या भावात हेच चक्र पाहिलं होतं. निकोलस कॅल्डोर यांनी १९३४ मध्ये त्याला कोळी किड्याच्या जाळ्याचं (कॉबवेब) नाव दिलं, कारण भाव आणि पुरवठा आलेखावर मांडत गेलं की रेषा जाळ्यासारखी फिरत जाते. ती आत वळते की बाहेर, हे एका गोष्टीवर ठरतं : भाव बदलल्यावर पिकवणारा जास्त हलतो की खाणारा. कांदा खाणारा फारसा हलत नाही. महाग झाला म्हणून फोडणी बंद होत नाही, स्वस्त झाला म्हणून कुणी तिप्पट खात नाही. पिकवणारा मात्र हलतो. म्हणजे कागदावर तरी हे जाळं बाहेर-बाहेर जायला हवं, दर खेपेला तेजी अधिक उंच आणि मंदी अधिक खोल. तसं अगदी होत नाही याचं श्रेय कांदा साठवायच्या चाळीला. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, त्यामुळे सगळा माल एकाच दिवशी विकावा लागत नाही. खरिपाच्या लाल कांद्याला ही सोय नाही. तो काढला की विकायचा.

आता या चक्रात आणखी एक खेळाडू असतो, आणि तो छोटा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली. तारखा लागवडीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. उळं आधीच पडलेलं, रोपं लागवडीला आलेली, आणि ज्या भावावर ते केलं त्याचा पायाच काढून घेतला. ग्राहकाला दिलासा द्यायला निर्यात रोखणं सोपं असतं, हे मला कळतं. पण मग "शेतकऱ्याचा अंदाज चुकला" असं म्हणू नये. हा अंदाज कुणाला जमला असता?

१९६१ मध्ये जॉन म्युथ यांनी कोळ्याच्या जाळ्यावर एक सरळ आक्षेप घेतला. शेतकरी दर वर्षी एकाच ठरावीक पद्धतीने चुकत असतील, तर ती चूक ओळखून उलट वागणाऱ्याने पैसे कमावले असते. मग तेच बघून बाकीचेही तसे वागले असते आणि चूक विरून गेली असती. आक्षेप जोरदार आहे. आमच्याकडेही म्हणतातच, सगळे लावतात तेव्हा आपण लावू नये. पण हा शहाणपणा सगळ्यांना एकदम सुचला तर? ब्रायन आर्थर यांनी १९९४ मध्ये सांता फे गावातल्या एल फारोल नावाच्या बारवरून हाच पेच मांडला. गुरुवारी तिथे संगीत असतं. शंभर जणांना जायचंय, पण साठाहून कमी लोक असतील तरच मजा. गर्दी होणार असं सगळ्यांना वाटलं तर कुणीच जाणार नाही. रिकामं असेल असं वाटलं तर सगळे धडकतील. तिथे सर्वांना पटलेला अंदाज खोटाच ठरतो, मग तो कितीही हुशारीने काढलेला असो. कांद्याची जात हीच. तेजीवरचा विश्वास तेजी मोडतो.

पण सगळ्या चुकीच्या समजुती अशा स्वतःला मोडत नाहीत, आणि मला खरं बोलायचंय ते यावर. डिसेंबर १९७३ मध्ये जपानच्या आइची प्रांतात तोयोकावा शिंकिन या आपल्या पतसंस्थेसारख्या बँकेवर ठेवीदार तुटून पडले. पोलिसांनी माग काढला तेव्हा उगम निघाला आगगाडीत. तीन शाळकरी मुलींपैकी एकीला तिथे नोकरी मिळणार होती. दुसरी थट्टेत म्हणाली, बँकेत धोका असतो. तिच्या मनात दरोडे होते. घरोघर जाताजाता त्याचं "बँक धोक्यात आहे" असं झालं. तेलाच्या टंचाईने लोक आधीच धास्तावलेले. बँक ठणठणीत होती, पण धडधाकट बँकेकडेही सगळ्यांचे पैसे एका दिवसात द्यायला नसतात, म्हणून रांगेत उभं राहणारा मूर्ख नव्हता. इथे चुकीची समजूत स्वतःला खरी करत जाते.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात अस्वस्थ करते. लिओनार्दो बर्स्टिन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा सौदी अरेबियातला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांचं खासगी उत्तर होतं, करावी. बाकीचे काय म्हणतील असं विचारल्यावर मात्र बहुतेकांनी तो पाठिंबा खऱ्यापेक्षा कमी धरला. अशी समजूत कोण मोडणार? बायको घरी राहते, शेजाऱ्याला तेवढंच दिसतं, आणि तो आपल्या बायकोला घरी ठेवून तोच पुरावा पुढे देतो. संशोधकांनी काही जणांना खरा आकडा सांगितला. त्यांच्यातले जास्त जण बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवायला तयार झाले, आणि काही महिन्यांनी त्यांच्या बायकांनी प्रत्यक्षात जास्त अर्ज केलेले आढळले. कुणाचं मत बदलावं लागलं नाही. इतरांचं मत काय आहे, एवढंच सांगावं लागलं.

आता शहरातल्यांचा प्रश्न. प्रचंड गर्दीच्या खेळाचं गणित २००६च्या सुमारास उभं राहिलं, फ्रान्समध्ये लास्री आणि लिओन्स यांच्याकडून आणि स्वतंत्रपणे कॅनडात ह्वांग, मालामे आणि केन्स यांच्याकडून. त्यात दोन समीकरणं असतात. एक उद्यापासून आजकडे मागे येतं : गर्दी अशी वागणार असेल तर मी आज काय करावं. दुसरं आजपासून उद्याकडे जातं : सगळे असं करताहेत तर गर्दी कुठे पोचेल. दोन्ही जुळली की समतोल, म्हणजे कुणालाच आपली चाल बदलावीशी वाटत नाही अशी स्थिती. त्यात एक गृहीत दडलेलं आहे, की गर्दीबद्दलचा माझा अंदाज बरोबर आहे. ते गृहीत काढून टाकता येतं. इग्नासिओ एस्पोंदा आणि देमियान पूझो यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की खेळाडूच्या डोक्यातला जगाचा नमुनाच चुकीचा असला तरी समतोलाची व्याख्या करता येते. प्रत्येक जण आपल्या चुकीच्या नमुन्यात समोरच्या आकडेवारीला सगळ्यात जवळचं बसेल ते धरून वागतो. पण ती आकडेवारी सगळ्यांच्या वागण्यातूनच तयार होत असते. त्यामुळे सगळे चुकीचे असूनही काहीच खटकत नाही, असा मुक्काम येऊ शकतो. रियाधमधले नवरे तिथेच होते. तेव्हा समजूत खरी की खोटी यापेक्षा मी आधी हे विचारतो, की तिच्यामुळे लोक जसे वागतात त्या वागण्यातून तिची चूक उघडी पडते, झाकली जाते, की खरीच होऊन बसते.

मग निफाडला काय सांगू? भावाचा अंदाज जाहीर करून उपयोग काय, असं वाटू शकतं. "पडणार" म्हटलं आणि सगळ्यांनी ऐकलं तर लागवड घटेल, भाव चढेल, आणि पुढच्या वर्षी सांगणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही. पण १९५४ मध्ये ग्रुनबर्ग आणि मोदिग्लियानी यांनी, आणि त्याच वर्षी हर्बर्ट सायमन यांनीही, दाखवून दिलं की लोक अंदाज ऐकून वागणं बदलत असले तरी, फार कडक नसलेल्या अटींवर, जाहीर करूनही खरा ठरेल असा एक अंदाज असतोच. तो काढायला किती जण आपलं ऐकतील हे आधी ठाऊक हवं, आणि लागवडीनंतर निर्यातीचा नियम बदलणार नाही हेही. दुसरी अट कुणाच्या हातात आहे ते नातेवाइकांना माहीत आहे. म्हणून मी भाव सांगत नाही. बियाणं किती विकलं गेलं आणि उळं किती पडलं, याचा तालुकावार आकडा लागवडीआधी दर आठवड्याला बाजार समितीच्या फळ्यावर लागावा, एवढं म्हणतो. आज शेतकरी तो आकडा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर चौकशी करून, बांधावरून शेजारचे वाफे मोजून काढतोच आहे. त्याला फक्त आपल्या शिवारापलीकडचं दिसत नाही.