घाई नसलेला बर्फ

गोल बर्फाचे साचे आता सगळीकडे मिळतात. मेन रोडवरच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या डब्यांशेजारी मांडलेले असतात, मोबाइलवर तर न मागता समोर येतात. मऊ सिलिकॉनचे दोन अर्धे भाग, वरच्याच्या डोक्यावर एक भोक. त्यातून पाणी भरायचं, रात्रभर फ्रीजरात ठेवायचं, सकाळी दोन्ही भाग ओढून सुटे केले की हातात थंडगार चेंडू. खोक्यावर हमखास छापलेलं असतं, की या बर्फाने पेय जास्त वेळ थंड राहतं. खोटं नाही ते. फक्त पुढचं वाक्य सोयीस्कर गाळलेलं असतं: पेय थंड करायलाही तो तितकाच जास्त वेळ घेतो.

आमच्याकडे हे शास्त्र सासूबाईंनी एका घोटात सिद्ध केलं. एप्रिलची टळटळीत दुपार, त्या पंचवटीतून रिक्षाने घरी आलेल्या, पदराने वारा घेत बसलेल्या. मी कैरीचं पन्हं ग्लासात ओतून वर तो गोळा सोडला. दिसायला काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! त्यांनी ग्लास तिरपा केला, गोळा घरंगळत येऊन ओठांवर आपटला, आणि पन्हं कोमटच.

“अगं, हे चोखायचं की प्यायचं?”

“आई, जरा थांबा ना. विरघळेल हळूहळू.”

“मी थांबेन गं. माझी तहान थांबेल का?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी उठून नेहमीच्या ट्रेमधले चार खडे आणले.

हिशोब साधा आहे. उणे १८ अंशांवरचा बर्फ शून्यावर येईपर्यंत ग्रॅममागे जेमतेम ९ कॅलरी उष्णता ओढून घेतो. तोच बर्फ वितळताना मात्र ग्रॅममागे ८० कॅलरी घेतो. म्हणजे थंडावा येतो तो वितळण्यातून. विरघळायचं नाही आणि गारही करायचं, हे कुठल्याच बर्फाला जमत नाही, मग तो कितीही गोल असो. २०० मिलिलिटर पन्हं ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायचं, तर पाण्याचाच हिशोब धरला तरी साधारण ६५ ग्रॅम बर्फाचं पाणी व्हावं लागतं. सहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा भरतो शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त गोळा गेल्याशिवाय सासूबाईंचं समाधान होणं शक्य नव्हतं.

आणि गोळा तर न जाण्यासाठीच गोल केलेला. ठरावीक आकारमान कमीत कमी पृष्ठभागात कोंडायचं असेल, तर गोलाला तोड नाही. सहा सेंटिमीटरच्या या गोळ्याचा पृष्ठभाग ११३ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच बर्फाचे अडीच सेंटिमीटरचे खडे केले तर ते सात-एक होतात, आणि त्यांचा मिळून पृष्ठभाग अडीचशेच्या वर जातो. पेयाला शिवायला जागा दुपटीहून जास्त, म्हणून थंडावा लगेच, आणि पाणीही लगेच. या हिशोबाचं दुसरं टोक पाहायचं असेल तर संध्याकाळी गोळेवाल्याच्या गाडीशी उभं राहावं. लादी किसून केलेला तो भुगा म्हणजे नुसता पृष्ठभागच. काडीवर दाबून, काला खट्टा ओतून हातात येतो तेव्हापासूनच तो कोपरापर्यंत ओघळायला लागलेला असतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

मोठा बर्फ टिकतो, या एका गोष्टीवर एके काळी व्यापार उभा राहिला होता. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज अमेरिकेतल्या बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं. गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या, एकमेकींना खेटून रचलेल्या. चार महिने समुद्रावर काढून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ते कलकत्त्याला लागलं तेव्हा शंभरेक टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईतही उतरला. आमच्या फ्रीजरातला गोळा त्या लाद्यांच्या खानदानातला, फक्त त्याला प्रवास फ्रीजरापासून दिवाणखान्यापर्यंतचाच.

आता करण्याबद्दल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे साचा काठोकाठ भरायचा नसतो. भरला, तर वाढलेला बर्फ दोन भागांच्या फटीतून बाहेर येतो आणि गोळ्याच्या कमरेला शनीसारखं कडं तयार होतं. कडं सुरीने तासता येतं, पण त्या खटपटीत अर्धा गोळा मोरीत जातो. भोकाच्या खाली बोटभर जागा सोडली की काम झालं. फ्रीजरातून काढल्या काढल्या त्यावर काही ओतू नये. ‘टक्’ असा आवाज येतो आणि गोळ्याला आरपार तडा जातो. मिनिट-दोन मिनिटं बाहेर ठेवला, अंगावरचा पांढरा हिव जाऊन तो ओला, चकचकीत दिसायला लागला, की मग खुशाल ओता.

सिलिकॉनचा खरा दुर्गुण म्हणजे ते वास धरतं. नाशिकच्या घरांत जानेवारीत फ्रीजरची काय अवस्था असते ते वेगळं सांगायला नको: सोललेल्या मटारच्या पिशव्या, ओलं खोबरं, कोथिंबिरीचं वाटण, आणि नॉनव्हेज खाणाऱ्यांकडे आणखी बरंच काही. रिकामा साचा अशा शेजारात पडून राहिला तर पुढचा गोळा सरळ मटारचा होतो. खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून उन्हात वाळवला की वास बराच उतरतो, आणि उन्हाची आपल्याकडे कमी नाही. गोळे झाले की घट्ट पिशवीत टाकावेत, साचा फ्रीजरबाहेर काढावा. बोअरच्या जड पाण्याचा गोळा करू नये हेही जाताजाता सांगते. तो संपल्यावर ग्लासाच्या तळाशी पांढरे कण उरतात, आणि पाहुणा ते बघत बसतो.

काचेसारखा नितळ गोळा हे या छंदातलं पुढचं व्यसन. साच्यातलं पाणी चारी बाजूंनी आत गोठत येतं, त्यात विरघळलेली हवा आणि क्षार मध्याकडे ढकलले जातात आणि शेवटी पोटात अडकतात. म्हणून मधोमध तो धुरकट पांढरा ठिपका. पाणी दोनदा उकळा वगैरे सांगतात, त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पाणी एकाच बाजूने गोठवल्याने. थर्माकोलच्या डब्यात पाणी घ्यायचं, भरलेला साचा भोक खाली करून त्यात बुडवायचा आणि डब्याला झाकण लावायचं नाही. मग गोठणं वरून खाली सरकतं आणि हवा-क्षार भोकातून खालच्या पाण्यात निघून जातात. खालचं पाणी गोठायच्या आत डबा बाहेर काढायचा. बर्फाच्या कारखान्यातही नितळ लादी हवी असेल तर डब्यात हवा सोडून पाणी हलतं ठेवतात, म्हणजे बुडबुडे चिकटून बसत नाहीत. हे सगळं सुरेख आहे, पण आमच्या फ्रीजरात थर्माकोलचा डबा ठेवायचा म्हणजे मटारला बेघर करायचं. पांढऱ्या पोटाचा गोळा जरा लवकर तडकतो, एवढंच. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मग हा गोळा नेमका कशासाठी? व्हिस्कीसाठी तो मुळात केलेला. थोडंसं पेय, दीड तास गप्पा, आणि शेवटचा घोट पाणचट होऊ नये ही इच्छा. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींचं या बाबतीत एकमत आहे, जे इतर कुठल्याही विषयावर होत नाही. मला स्वतःला आवडतो तो कोकमाचा गोळा. आगळात पाणी, चिमूटभर काळं मीठ, जिरेपूड आणि बेताची साखर घालून तेच साच्यात ओतायचं. साखरेचा हात सैल सुटला तर ते नीट गोठत नाही, साचा उघडला की लगदा हाती येतो. गोळा ग्लासात ठेवून वर फ्रीजमधला गार सोडा ओतायचा. सोडा आधीच गार, त्यामुळे बर्फाला घाई करायची गरजच नाही. पहिला घोट नुसत्या सोड्याचा. मग गोळ्याच्या पोटाखालून एक तांबडी रेघ सुटते आणि तळाकडे उतरायला लागते, वाटेत बुडबुडे तिला परत वर ढकलतात. पाच मिनिटांत खालचा सोडा गुलाबी, वरचा अजून पांढरा. शेवटाला सगळा ग्लास आंबट-खारट लालभडक. इथे विरघळण्याची वाट बघणं हाच तर कार्यक्रम.

वाइनचं वेगळं आहे. या गावात राहून वाइनमध्ये बर्फ टाकायचा नाही, हे आता शेंबडं पोरही सांगेल. माझा एक भाचा वाइनरीत नोकरीला आहे. त्याच्यासमोर मी एकदा रोझेच्या ग्लासाशी गोळा नुसता नेला, तर तो म्हणाला, “मावशी, तू त्यापेक्षा सरबत पी ना.” यावर नाशिकचं उत्तर फ्रीजरात असतं: गोठवलेली द्राक्षं. द्राक्षात पाच भागांतले चार भाग पाणीच, तेही वितळताना उष्णता ओढतं, पण वितळतं ते सालीच्या आत. थंडावा ग्लासात, पाणी द्राक्षात. सिलिकॉनच्या कुठल्याही साच्याला हे साधलेलं नाही. आकार लहान, त्यामुळे कामही झटपट. थॉमसन जातीचं द्राक्ष काही गोल नसतं, लांबुळकं असतं, पण त्याने काही बिघडत नाही.

मार्चअखेरीला रस्त्याच्या कडेला क्रेट लागतात आणि भाव उतरतो, तेव्हा घ्यावीत. औषधं फवारलेली असतात, म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवून दोन-तीनदा स्वच्छ धुवावीत. देठ काढून, फडक्यावर पुरती कोरडी करून, ताटात सुटी पसरून गोठवावीत आणि मगच डब्यात भरावीत, नाहीतर सगळ्यांची मिळून एक ढेप होते. वाइनपर्यंत त्यांतली किती पोचतात, ते घरात मुलं किती आहेत यावर.