पक हातात येण्याआधीचे दोन सेकंद

गेल्या शनिवारी आइस हॉकीचा सामना बघून घरी आलो आणि वहीत पहिली ओळ लिहिली : ‘२४ नंबर. पकच्या मागे जाताना मान दोनदा वळली, दोन्ही खांद्यांवरून.’ कोण जिंकलं, किती गोल झाले, हे त्या पानावर नाहीच. (पक म्हणजे या खेळातली रबराची चपटी चकती.)

हा चोवीस नंबर सतरा वर्षांचा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, आहे. ज्युनियरमध्ये खेळतो. स्टिक उजव्या बाजूला धरतो, उंची बेताचीच. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ तरुण खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट. येत्या जूनच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोण आणि कितव्या फेरीत घेईल, यावर माझ्या ओळखीच्या हॉकीवेड्यांमध्ये रोज वाद चालतात. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. सतराव्या वर्षी एखाद्या मुलाच्या नावाला एका प्रेक्षकाचं मत कायमचं चिकटावं, हे मला पटत नाही. पण त्याच्याबद्दल लिहायचं मात्र आहे, कारण बऱ्याच वर्षांत एवढ्या लहान वयाच्या डिफेन्समनने मला असं बांधून ठेवलेलं नाही.

मी कायम गोलच्या मागच्या कोपऱ्यात बसतो. ही सवय मुलीमुळे लागली. ती आठ वर्षं गोली, म्हणजे गोलरक्षक, होती. बाकीचे आईबाप मधल्या लाल रेषेपाशी उंचावर बसायचे, तिथून खेळ छान दिसतो. मी मात्र तिच्या जाळीमागे काचेला नाक लावून. एकदा सामन्यानंतर तिच्या एका डिफेन्समनचं मी फार कौतुक करत होतो, दोन गोल केले होते त्या मुलीने. माझी मुलगी पॅड सोडता सोडता म्हणाली, “बाबा, तू पक बघतोस. मी त्यांची मान बघते. मागे न बघता ती पक घ्यायला गेली की मला आधीच कळतं, पुढचा शॉट माझ्यावर येणार आहे.” ती तेव्हा बारा वर्षांची होती. त्या वाक्याने माझं हॉकी बघणंच बदललं.

ती काय म्हणत होती, ते नीट सांगायला हवं. समोरचा संघ मधल्या रेषेवरून पक तुमच्या कोपऱ्यात मारून देतो आणि त्याचा एक फॉरवर्ड त्या मागे सुसाट सुटतो. डिफेन्समनला पाठ वळवून, तोंड काचेकडे करून त्या पककडे धावावं लागतं. पाठीवर माणूस येतोय. हातात साधारण दोन सेकंद. तेवढ्यात कळायला हवं, येणारा कुठल्या खांद्याकडून येतोय, तो एकटा आहे की मागून दुसरा आहे, आपला जोडीदार कुठे पोचलाय, सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, मदतीला खाली आलाय का. हे सगळं पकला स्टिक लागायच्या आधी. एकदा पक लागला की विचाराची वेळ संपली, मग फक्त हात चालतात. ज्याने आधी बघितलंय तो शांतपणे दहा फुटांचा पास देतो आणि खेळ उलट्या दिशेने वाहायला लागतो. ज्याने बघितलेलं नाही तो पक काचेवर मारून सुटका करून घेतो, किंवा रिंकभोवतीच्या फळीवर आदळतो.

हे कसब आज एवढं मोलाचं का झालं, त्याला कारण आहे. २००४-०५चा अख्खा हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेला आणि त्यानंतर २००५-०६ मध्ये एनएचएलने नियम बदलले. मधली लाल रेषा ओलांडून जाणारा लांब पास चालू झाला. गोलच्या मागे समलंब चौकोन आखला गेला आणि त्याच्याबाहेर, कोपऱ्यांत, गोलीने पक खेळायचा नाही असं ठरलं. म्हणजे पूर्वी गोली जाळी सोडून जो पक थोपवून ठेवायचा, तो आता डिफेन्समननेच आणायचा. त्यात पंचांनी अडवाअडवीला कडक शिक्षा द्यायला सुरुवात केली, त्यामुळे धावत येणाऱ्या फॉरवर्डला जोडीदाराने हळूच रोखून धरण्याची जुनी सोयही गेली. कोपऱ्यात जाणारा मुलगा एकटा पडला. त्याला वाचवायला त्याचे पाय आणि त्याचे डोळे एवढंच उरलं.

म्हणून तर आता बेताच्या उंचीची मुलं वर येताना दिसतात. अॅडम फॉक्सला २०१६ मध्ये ६६व्या क्रमांकावर घेतलं होतं. २०२१ मध्ये तो सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला. क्विन ह्यूज पाच फूट दहा इंचांचा, २०२४ ची नॉरिस त्याची. लेन हटसनला २०२२ मध्ये ६१ मुलं आधी निवडून झाल्यावर माँट्रियलने घेतलं. २०२४-२५ च्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने ६० असिस्ट केले (गोलच्या आधीच्या शेवटच्या दोन पासांचं श्रेय म्हणजे असिस्ट), पदार्पणाच्या हंगामात डिफेन्समनने केलेल्या असिस्टच्या लॅरी मर्फीच्या विक्रमाची बरोबरी केली आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी मिळवली.

पण इथेच मी सावध होतो. आता प्रत्येक बुटका, चपळ मुलगा दिसला की लोकांना त्याच्यात ह्यूज दिसतो. चोवीस नंबरबद्दलही तेच चाललंय, आणि त्याला पुरावा म्हणून त्याचे पॉइंट, म्हणजे गोल आणि असिस्टची बेरीज, पुढे केले जातात. ज्युनियरमधल्या डिफेन्समनच्या पॉइंटवर माझा फारसा विश्वास नाही. पॉवर प्लेवर, समोर एक माणूस कमी असताना, समोरच्याच्या भागाच्या सीमेवरच्या निळ्या रेषेवर, ब्लू लाइनवर, उभं राहून चार चांगल्या फॉरवर्डना पास द्यायचे. त्यातले दोन आत गेले की रकान्यात दोन असिस्ट. पुढच्या पातळीवर ती जागा संघात एका, फार तर दोघा डिफेन्समनना मिळते. बाकीच्यांना पाचास पाच खेळून, आणि आपला एक जण शिक्षेमुळे बाहेर असताना गोल वाचवून पोट भरायचं असतं. म्हणून पॉवर प्ले सुरू झाला की मी वही मिटतो.

आता त्याचे पाय. सरळ पुढे तो किती वेगात जातो, हे मला सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं. डिफेन्समनचा खरा कस लागतो तो उलटं स्केटिंग करता करता वळण्यात. समोरून फॉरवर्ड येतोय, हा मागे सरकतोय, आणि फॉरवर्डने दिशा बदलली की याला कंबर उघडून, वेग न घालवता तोंड फिरवून त्याच्याबरोबर निघायचंय. चोवीस उजवीकडे, फळीच्या बाजूला, सुरेख वळतो; बर्फावर आवाजसुद्धा होत नाही. डावीकडे मात्र तो एक पाऊल जास्त घेतो. फॉरवर्ड बाहेरून येतोय असं दाखवून मधे घुसला की त्या एका जास्तीच्या पावलात अर्धा मीटर जातो. शनिवारी एकदा तसाच गोल होता होता राहिला. पुढच्या पातळीवर हे सगळ्यांना आठवड्याभरात कळेल आणि सगळे तिथूनच घुसतील. याची मला खरीच काळजी वाटते. तरी ही गोष्ट शिकवता येते. दोन उन्हाळे चांगल्या स्केटिंग कोचबरोबर घालवले की डाव्या पायाची कड सुधारते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मान वळवायची सवय सतराव्या वर्षानंतर कुणाला लागलेली मात्र मी फारशी पाहिलेली नाही.

त्याची दुसरी एक गोष्ट मला आवडते, जी बाकीच्यांना दोष वाटते. बचाव करताना तो आपल्या बाजूची ब्लू लाइन सोडत नाही. येणारा फॉरवर्ड आणि आपण यांतलं अंतर, ज्याला सगळे गॅप म्हणतात, ते तो एका स्टिकएवढंच ठेवतो आणि रेषेवरच जाऊन भिडतो. त्यामुळे कधी कधी फसतो, आणि डिफेन्समन फसला की सगळ्या स्टेडियमला दिसतं. जो मुलगा आधीच मागे मागे सरकतो तो कधी फसलेला दिसत नाही. फक्त त्याचा संघ सारखा स्वतःच्या गोलपाशी अडकलेला असतो. आणि तो दोष कुणी त्याच्या नावावर मांडत नाही. सतराव्या वर्षी पुढे जाऊन हरणारा मुलगा मला चालतो, अंतराचा अंदाज हरूनच येतो.

माझा अंदाज एकदा फार वाईट चुकला होता. काही वर्षांपूर्वी एक उंच मुलगा होता. पक आला की गोंधळायचा, वळताना पाय एकमेकांत अडकायचे. तीन सामने बघून मी वहीत ‘नाही’ लिहिलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन वर्षांनी तोच मुलगा दिसला आणि मला ओळखू येईना. मग कुणीतरी सांगितलं, की मी बघितलं त्याच्या आदल्या वर्षात तो चार इंच वाढला होता. तेव्हा ते पाय अजून त्याचे झालेच नव्हते. मी वाढत्या मुलाला बघत होतो आणि पूर्ण झालेल्या खेळाडूसारखा निकाल देत होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी कुणाच्याही नावापुढे ‘नाही’ लिहिलेलं नाही. झेडेनो चारासारखा २०६ सेंटिमीटरचा माणूस १९९६ मध्ये ५६व्या क्रमांकापर्यंत खाली राहिला आणि २००९ मध्ये नॉरिस जिंकला, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही.

चोवीसच्या बाबतीत वाढदिवसाचाही हिशेब करायला हवा. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारा मुलगा त्या वर्षी पात्र. सोळा तारखेला जन्मलेला पुढच्या वर्षी. याचा जन्म ऑगस्टअखेरचा. म्हणजे त्याच यादीत त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठी मुलं आहेत, ज्यांचे खांदे भरलेत, ज्यांनी एक हंगाम जास्त खेळलाय. त्यांच्या शेजारी उभं करून याला लहानखुरा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि डिफेन्समनना वेळ लागतोच. २०१२ चा ड्राफ्ट मी वारंवार आठवतो. पहिल्या दहा निवडींपैकी आठ डिफेन्समन होते. मॉर्गन रायली, हॅम्पस लिंडहोम, जेकब ट्रुबा यांनी मोठ्या कारकिर्दी केल्या. काही जण मात्र जेमतेम टिकले. त्याच ड्राफ्टमध्ये कोल्टन परायको ८६वा आणि जेकब स्लेव्हिन १२०वा गेला. सगळ्या संघांचे पगारी जाणकार तिथे बसलेले असताना. हे दोघेही त्यानंतर कॉलेजात गेले, एक तीन वर्षं, दुसरा दोन, आणि शरीर तयार झाल्यावर वर आले. परायको २०१९ मध्ये सेंट लुईसबरोबर स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. स्लेव्हिनने २०२१ आणि २०२४ मध्ये लेडी बिंग घेतली, सभ्य खेळासाठी दिली जाणारी ट्रॉफी, जी सहसा फॉरवर्डच नेतात. ज्याचं कामच समोरच्याला अडवणं, त्याने ते जवळजवळ पेनल्टी न घेता, नुसत्या स्टिकने करायचं! मला हा माणूस फार आवडतो. चौथ्या क्रमांकावर निवडलेला केल मकारसुद्धा २०१७ च्या ड्राफ्टनंतर दोन वर्षं कॉलेजात खेळला आणि मगच कोलोरॅडोकडे आला.

कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून खेळलेल्या मुलांना अमेरिकेतल्या पहिल्या दर्जाच्या कॉलेज हॉकीचा हा रस्ता बंद असायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएए या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या संघटनेने तो नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून रस्ता खुला झाला. चोवीससारख्या मुलाला याचा मोठा फायदा आहे. विसाव्या वर्षी मोठ्या माणसांच्या फळीवर आपटत बसण्यापेक्षा कमी सामने, जास्त व्यायामशाळा, आणि डाव्या पायासाठी हवी तेवढी सवड.

माझ्या वहीत तो दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला आहे. चार वर्षं द्या. डिफेन्समनच्या पहिल्या जोडीत मला तो दिसत नाही, दुसऱ्या जोडीत उजवीकडे दिसतो, आणि उजव्या हाताचे डिफेन्समन मुळातच कमी असतात, त्यामुळे कुणीतरी थांबायला तयार होईल. डावं वळण तसंच राहिलं तर मी चुकलो असेन.

शनिवारचा शेवट सांगायचा राहिला. दोन मिनिटं उरलेली, एका गोलची आघाडी, समोरच्यांनी गोली काढून त्याच्या जागी एक जादा फॉरवर्ड आणलेला. पक चोवीसच्या कोपऱ्यात आला. त्याचा गोली ओरडला, “व्हील, व्हील!” म्हणजे पक घेऊन जाळीमागून पलीकडे जा. मी काचेपाशीच होतो. त्याची मान आधी उजवीकडे वळली, मग डावीकडे, आणि डावीकडे त्याला दिसलं की दुसरा फॉरवर्ड जाळीच्या पलीकडे जाऊन वाट अडवून उभा आहे. तो व्हीलच्या दिशेने एक पाऊल गेला, पाठीवरच्या माणसाला तिकडे ओढलं, आणि पक उलटा, जिथून आला होता तिथेच फळीवर ठेवला. तिथे त्याचा जोडीदार पोचत होता. दहा सेकंदांत पक रिकाम्या जाळीत. चोवीसच्या नावावर असिस्टसुद्धा नाही, मधे दोन पास झाले होते.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं. तिने मधेच थांबवलं.

“म्हणजे गोलीने व्हील सांगितलं आणि याने ऐकलं नाही?”

“नाही ऐकलं.”

“आणि बरोबर कोण होतं?”

“तो.”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “पुढच्या शनिवारी माझं पण तिकीट काढ. जाळीमागचंच.”