मेलेला सर्व्हर परवडला, पेंगणारा नको

केऑस इंजिनिअरिंग, म्हणजे मुद्दाम बिघाड घडवून यंत्रणा तग धरते का ते तपासणं, म्हटलं की नेटफ्लिक्सचं केऑस मंकी हे साधन आठवतं. २०१२ मध्ये ते ओपन सोर्स झालं. चालू सर्व्हर मध्येच बंद पाडणं हे त्याचं काम. पण सर्व्हरवरची प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मेली की 'कनेक्शन रिफ्यूज्ड' (जोडणी नाकारली) येतं आणि तिला विचारणाऱ्या प्रोग्रामला लगेच कळतं. खरा घात करते ती जिवंत असून उत्तर न देणारी सेवा. चाचणी तिथूनच सुरू करावी.

सांगलीकडच्या एखाद्या साखर कारखान्याचा ऊसकाटा घ्या. ट्रॉली चढते, वजनाची नोंद होते, शेतकऱ्याला एसएमएस जातो, मग पावती छापते. एसएमएस पाठवणारी सेवा गप्प झाली की हा क्रमच गोत्यात आणतो. त्या सेवेला विनंती पाठवणाऱ्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट (थांबण्याची कमाल मुदत) दिला नाही तर ती उत्तराची वाट बघत बसते. पावती येईना म्हणून ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक दाबाला एक वर्कर (विनंत्या हाताळणारी सर्व्हरवरची प्रोसेस) अडकतो. दहाच वर्कर असतील तर दहा दाबांत सगळे काटे ठप्प, आणि एकाच खेपेच्या तीन-चार नोंदी. हिशेबाच्या वेळी त्यावरून होणारी भांडणं वेगळीच.

चाचणी गाळप बंद असताना घ्यावी. चाचणी सर्व्हरवर गेल्या हंगामातल्या नोंदी त्याच वेगाने सोडाव्यात. आधी अपेक्षा लिहून ठेवा: एसएमएस सेवा गप्प झाली तरी पावती २ सेकंदांत. कुठे थांबायचं तेही आधीच ठरवा.

नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या लिनक्सच्या टीसी-नेटएम साधनाने उशीर घालता येतो, पण साध्या वापरात तो त्या नेटवर्क इंटरफेसवरून बाहेर जाणाऱ्या सगळ्याच पॅकेटांना लागतो. डेटाबेस संथ होतो, तुमचं एसएसएचही (सर्व्हरवर दुरून लॉगिन) रखडतं. १०० टक्के लॉस (सगळी पॅकेटं गहाळ) लावलात तर दार बाहेरून बंद! म्हणून पाच मिनिटांनी नियम काढणारी कमांड आधी पार्श्वभूमीला लावून ठेवा. एकट्या एसएमएससाठी टॉक्सिप्रॉक्सी हे साधन बरं: तुमचा प्रोग्राम आणि एसएमएस सेवेचा सर्व्हर (गेटवे) यांच्या मध्ये ही मध्यस्थ प्रॉक्सी बसवा, तिचं 'टाइमआउट' टॉक्सिक (मुद्दाम घातलेला बिघाड) शून्यावर ठेवा, कनेक्शन उघडं राहतं, डेटा येत नाही. एचटीटीपीएस असेल तर होस्ट्स फाइलमध्ये (नाव कोणत्या आयपीवर जायचं ते सांगणारी फाइल) गेटवेचं नाव प्रॉक्सीकडे वळवा, म्हणजे सर्टिफिकेट तक्रार करणार नाही. प्रॉक्सीला मात्र गेटवेचा आयपीच द्या, नाहीतर ती स्वतःलाच फोन लावत बसेल.

नुसता टाइमआउट घालून भागत नाही. वजन आणि 'एसएमएस बाकी' या दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा (झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही), पावती लगेच छापा, एसएमएस वेगळ्या प्रोसेसला पाठवू द्या. खेप क्रमांकावर युनिक बंधन (त्याच क्रमांकाची दुसरी नोंद न होऊ देणारं) हवंच. मग तीच चाचणी पुन्हा लावा, या वेळी बटण मुद्दाम दोनदा दाबून.