दहा मिनिटांचा अर्दबील गालिचा

लंडनचे बाकीचे दिवस पावसात आणि मेट्रोत गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अर्दबील गालिच्याबद्दल.

आम्ही पोचलो तेव्हा दालनात नुसता अंधुक उजेड. दिवे दर अर्ध्या तासाने लागतात, तेही दहाच मिनिटं. रंग विटू नयेत म्हणून. कारण पटतं हो, पण आधी कळलं असतं तर चहा पिऊन आलो असतो. नवरा म्हणाला, "सतरंजीसाठी एवढं ताटकळायचं?" मी उत्तर दिलं नाही.

दिवे लागले आणि तोही गप्प झाला. साडेदहा मीटर लांब, जमिनीवरच काचेत पसरलेला. रेशमाच्या ताण्याबाण्यावर लोकरीच्या गाठी, चौरस इंचाला साधारण 340. मी काचेला नाक लावून बघितलं, तर गालिच्याची निळी पार्श्वभूमी एकसारखी निळी नाहीच. नीळ, डाळिंबाची साल असले रंग. घाणागणिक छटा बदलणारच. मध्यावरच्या नक्षीच्या दोन टोकांना दोन दिवे विणलेत, एक लहान, एक मोठा. कोणी म्हणतं, मुद्दाम ठेवलेली खोट, कारण परिपूर्ण फक्त अल्ला. मला दुसरं म्हणणं पटलं: लहान दिव्याच्या बाजूला उभं राहिलं की दोन्ही सारखे दिसतात. मी दोन्हीकडून बघितलं, लोकांचे मोबाइल चुकवत.

एका टोकाला तो घडवणाऱ्या मकसूद काशानीचं नाव आणि हिजरी 946, म्हणजे 1539-40. इराणचा बादशहा शाह तहमास्पचा काळ. गालिचा इराणमधल्या अर्दबील शहरातल्या शेख सफी या सूफी संताच्या दर्ग्यातला. 1893 मध्ये संग्रहालयाने तो 2000 पौंडांना घेतला. घ्याच, असं प्रसिद्ध इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसने आखणीवर खूश होऊन सांगितलं होतं.

मात्र गालिचे दोन होते, जोडीचे. दोन्ही झिजलेले. व्यापाऱ्यांनी दुसरा कापून त्याचे तुकडे याला लावले आणि हा 'अख्खा' म्हणून विकला. दुरुस्ती कसली, ही शुद्ध बनवाबनवी. उरलेला, किनार गेलेला, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

माझा भाचा तिथेच राहतो. त्याच्या मागे लागले, जाऊन बघून ये. तर म्हणतो, "आत्या, चौकशी केली. सध्या मांडलेलाच नाही, गुंडाळून ठेवलाय."