रताळ्याचे स्कोन आले!

सप्टेंबर लागला की ऑफिसला जाताना माझं अर्धं लक्ष स्टेशनातल्या बेकरीच्या काचेकडे असतं, रताळ्याचे स्कोन (बिस्किट आणि पाव यांच्या मधला, भाजलेला जाडसर प्रकार) लागले का नाही ते बघायला, आणि या आठवड्यात लागले एकदाचे! तोक्योत अजून नुसता चिकट उकाडा आहे, बाहेर छत्री उन्हासाठी धरावी लागतेय, पण काचेवर ती जांभळ्या रंगाची पाटी दिसली की माझ्यापुरता शरद ऋतू सुरू होतो, मग हवा काही का म्हणेना.

आपल्याकडे रताळं म्हणजे आषाढी एकादशी नाहीतर महाशिवरात्र, उकडून दुधात कुस्करायचं किंवा कीस करायचा, एरवी बाजारात कोण बघतं त्याच्याकडे. इथे मात्र त्याचा थाट बघण्यासारखा असतो. बेनीहारुका, नारुतो किंतोकी, तानेगाशिमा बेटावरचं आन्नो असे प्रकार लोकांना नावानिशी माहीत असतात, आपण कसं हापूस-पायरी म्हणतो तसं. यातली बेनीहारुका तर तशी नवीनच, 2010 मध्ये नोंदणी झालेली जात, आणि ती काढल्यावर थोडे दिवस साठवून ठेवली की जास्त गोड होते, शिवाय मंद आचेवर भाजली की आतल्या पिठाची साखर होत जाते. त्यामुळे स्कोनमध्ये रताळं असलं की साखर फार लागतच नाही.

आता स्कोनबद्दल. जांभळ्या सालीसकट कापलेले बोटभर जाड तुकडे, वरून काळे तीळ, आणि बाजूला मधोमध आडवी चीर पडलेली. ती चीर नीट पडली म्हणजे स्कोन चांगला फुगला असं समजायचं, मी चिमट्याने उचलण्याआधी तेच बघते. हाताने दोन भाग केले की बाहेरचा भाग करकरीत आणि आत थरावर थर सुटलेले, लोण्याचा वास, आणि मध्येच रताळ्याचा तो मऊ, जवळजवळ ओलसर तुकडा. क्रीम, जॅम काही लागत नाही. आल्याचा चहा मात्र हवा, तो मी थर्मासमध्ये घरून नेते.

बेकरी स्टेशनच्या तिकीट गेटच्या आतच आहे, म्हणजे गाडी बदलता बदलता जाता येतं. जपानमधल्या बहुतेक बेकऱ्यांसारखं आपणच ट्रे आणि चिमटा घ्यायचा, हवं ते उचलायचं आणि काउंटरवर द्यायचं, तिथली मुलगी प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत इतक्या हळुवार हाताने भरते की मागे रांग असली तरी बघत राहावंसं वाटतं. इथेच खाणार का बरोबर नेणार हे विचारतात कारण 2019 च्या ऑक्टोबरपासून बसून खाल्लं तर 10 टक्के टॅक्स आणि घेऊन गेलात तर 8. मोठी पिशवी मागितली तर तिचे वेगळे पैसे, म्हणून आपली कापडी ठेवायची.

अंडं न खाणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते, कारण मला हे नेहमी विचारलं जातं. पुष्कळ बेकऱ्यांत किमतीच्या कार्डावर खाली अ‍ॅलर्जीचे चौकोन असतात, गहू, दूध, अंडं, आक्रोड वगैरे. अंड्याची खूण तेवढी पाठ करून घ्या, जपानी वाचता येत नसलं तरी काम भागतं, आणि कार्डावर नसेल तर सरळ 'तामागो?' (अंडं?) विचारा, फाइल काढून दाखवतात. स्कोन बिनअंड्याचा असू शकतो, पण दरवेळी बघायचंच, कारण सीझन बदलला की रेसिपीही बदलते.

आणि सीझन बदलतच राहतो, हीच तर मजा! रताळ्यानंतर चेस्टनट, मग डिसेंबरात युझू, लिंबाच्या जातीचं सुवासिक फळ, जे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी इथले लोक आंघोळीच्या गरम पाण्यातही टाकतात. फेब्रुवारीतच साकुराचे, म्हणजे चेरीच्या फुलांचे, स्कोन येतात, झाडांना कळ्यासुद्धा नीट नसतात तेव्हा. त्यात असतं ते आंबट-खारवलेलं दुहेरी पाकळ्यांचं फूल किंवा बारीक चिरलेलं खारवलेलं पान, आणि गंमत म्हणजे पानाला तो ओळखीचा वास खारवल्यावरच येतो, ताजं पान चुरगाळून बघा, तसं काही येणार नाही. इझू द्वीपकल्पातलं मात्सुझाकी गाव या पानांसाठी प्रसिद्ध आहे. बेकरीत साकुरा घालायची पद्धतही जुनी, तोक्योतल्या गिंझाच्या किमुराया बेकरीने 1875 मध्ये मेइजी सम्राटाला जो आनपान (आत गोड लाल चवळीचं सारण असलेला पाव) दिला त्याच्या मधोमध खारवलेलं साकुराचं फूल होतं. गोडात मीठ हे मला सुरुवातीपासून आवडलं, पाडव्याच्या सुमारास इथे खरी फुलं उमलतात तेव्हा श्रीखंडाबरोबर हा स्कोनही आमच्या ताटात असतो.

पण आत्ता रताळं! घरी नेलात तर मायक्रोवेव्हमध्ये अजिबात टाकू नका, चिवट होतो. ओव्हन टोस्टरमध्ये वर फॉइल टाकून दोन-तीन मिनिटं, मग बंद करून तसाच थोडा वेळ आत राहू द्यायचा, वरचा कडकपणा परत येतो. आणि संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, संपलेले असतात, सकाळीच घ्या.