भिरंडेल, मेण आणि सिस्टरांचे प्रश्न

गोव्यात फोंड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडताना माझ्या डोक्यात काकीची मुलगी होती. दिवस भरायच्या आतच झालेली. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावाहून तिला ऐन पावसात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं, आणि वाटेत बाळ गार पडलं. वाचली, आता शाळेत जाते.

नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. कमी दिवसांच्या बाळाला ते टिकवता येत नाही: वजनाच्या मानाने कातडी फार, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. इस्पितळात बाळाला ऊब देणारा वॉर्मर असतो. प्रश्न वाटेचा.

वाचता वाचता ‘एम्ब्रेस’ सापडलं. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून सुरू केलेली बाळाची झोपपिशवी. आत मेणासारख्या पदार्थाची थैली. आधी तो वितळवायचा. गोठताना तो उष्णता सोडत राहतो आणि तोवर तापमान ३७ च्या आसपास थांबतं. वापरताना वीज लागत नाही.

तसलं मेण म्हणजे आयकोसेन. भाव ऐकूनच घाम फुटला. मग आजीच्या फडताळात भिरंडेल दिसलं! टाचांच्या भेगांना लावायचं कोकमाचं तेल, मुठीत वळलेले घट्ट गोळे. वितळतं ३८ ते ४० अंशांना. मी स्वतःला शास्त्रज्ञच समजू लागलो. किलोभर आणलं, थैलीत सील केलं, गरम पाण्यात वितळवलं. बाळाच्या जागी कोमट पाण्याची बाटली.

तापमान ३७ ला थांबलंच नाही. घसरत तिशीखाली गेलं, तेव्हा कुठे तेल गोठायला लागलं. अशी तेलं वितळतात एका तापमानाला आणि गोठतात त्याच्या बरीच खाली, कारण स्फटिक धरायला वेळ लागतो. हे आधी वाचायला हवं होतं. महिना गेला. आजीने उरलेले गोळे परत मागून घेतले.

शेवटी बाबांच्या पैशांनी थोडं आयकोसेन घेतलं. तापमानाचा आलेख ३७ च्या आसपास आडवा झाला आणि मी थैली घेऊन आरोग्य केंद्रात गेलो.

सिस्टरांनी ती हातात धरली. “ही आत्ता किती गरम आहे रे?”

“सदतीस.”

“ते तुला माहीत. रात्री दोनला, लाईट गेलेली असताना मला कसं कळणार? कुणी उकळत्या पाण्यातून काढून तशीच आत घातली तर बाळ भाजेल.” मग शिवणीवर नख फिरवलं. “ह्यात रक्त बसणार. धुवायची कशी? आणि आई शुद्धीवर असेल तर मी हिला हातसुद्धा लावणार नाही. बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी.”

ती कांगारू पद्धत, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. मला ठाऊक होती, पण माझ्या आराखड्यात आई कुठेच नव्हती. आता पिशवी फक्त आई ऑपरेशन थिएटरात अडकली असेल तेव्हासाठी. शिवण काढून कडा उष्णतेने जोडल्या. वर मत्स्यालयाच्या काचेला लावतात तशी तापमानानुसार रंग बदलणारी पट्टी चिकटवली.

माझ्या पिशवीत अजून एकही बाळ निजलेलं नाही. त्याला माणसांवरच्या चाचण्यांना मान्यता देणारी एथिक्स कमिटी लागते, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. मार्क मिळाले, प्रोजेक्ट संपला. सिस्टर काही संपल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन: टॉर्चच्या उजेडात पट्टीचा हिरवा आणि निळा एकच दिसतो.